बोटभर मावळ्याचे पोलाद

दिवाळीच्या किल्ल्यावरचा मावळा सगळ्यांच्या ओळखीचा. अंगरखा केशरी, पागोटे लाल, मिशी काळी आणि तलवार चंदेरी. चंदेरी रंगाचा एकच हात मुठीपासून टोकापर्यंत सारखा फिरलेला असतो आणि ते पाते चॉकलेटच्या वेष्टनातल्या चांदीसारखे दिसते. मातीच्या मावळ्याचे त्याने काही बिघडत नाही. त्याला चार दिवस तटावर उभे राहायचे असते. पण रेझिनची किंवा शिशाच्या मिश्रधातूची ५४ अथवा ७५ मिलिमीटर उंचीची मूर्ती आणून, भिंग लावून, महिनाभर तिच्यावर बसणारे हौशी आता आपल्याकडे बरेच आहेत. त्यांचे चेहरे उत्तम होतात, कापडाच्या चुण्या छान उतरतात आणि धातूवर येऊन काम फसते. हा लेख त्यांच्यासाठी आहे. किल्ल्यावरच्या मावळ्याला बढती द्यायची असेल, तर त्यालाही यातले बरेच लागू पडेल.

रंगाची बाटली उघडण्याआधी एक काम करा. स्टीलची वाटी आणि पितळी तांब्या भरदिवसा खिडकीपाशी ठेवा आणि थोडा वेळ नुसते बघत बसा. वाटीवर खिडकीच्या आकाराची पांढरीशुभ्र पट्टी दिसेल. तिच्या अगदी शेजारी, मध्ये काही न घडता, जवळजवळ काळी पट्टी असेल. खालच्या बाजूला टेबलाचा किंवा ओट्याचा रंग उतरलेला असेल. आपण ज्याला ‘स्टीलचा रंग’ म्हणतो तो राखाडी वाटीवर फारच थोड्या जागी सापडेल. आता तांब्या बघा. खेळ तोच, पण सगळ्याला पिवळी झाक. उजेडाची पट्टीसुद्धा पिवळसर, आणि अंधाराची जागा काळी नसून गडद तपकिरी. पोलादाला स्वतःचा रंग नगण्य असतो, ते भोवतालचे जग परत दाखवते. पितळ, तांबे आणि सोने तेच जग आपल्या रंगात बुडवून दाखवतात.

कापडावर उजेड हळूहळू ओसरतो, धातूवर तो तुटतो. तलवार चकचकीत वाटावी म्हणून नवशिके चंदेरीवर आणखी चंदेरी चढवतात. खरी गरज शेजारी अंधार आणण्याची असते. बाकी सगळे तंत्र या एका गोष्टीभोवती फिरते.

आधी धातू ओळखा

सतराव्या शतकातल्या दख्खनी स्वाराच्या अंगावर एकच धातू नसतो. तलवारीचे पाते पोलादी, मूठ लोखंडी आणि तिच्यावर कदाचित सोन्याचे कोफ्तगरी काम. ढालीवरची फुले पितळी किंवा लोखंडी. चिलखताच्या कड्या लोखंडी, पण त्यांची कळा पात्याहून वेगळी. लगामाची कडी, रिकिबी, पट्ट्याचे बक्कल, भाल्याचे पाते, बंदुकीची नळी हे सगळे आणखी वेगळे. हे सारे एकाच बाटलीतून रंगवले की मूर्ती खेळण्यातली दिसू लागते. मी तरी सुरुवात करताना कागदावर मूर्तीवरच्या प्रत्येक धातूच्या तुकड्याची यादी करतो आणि प्रत्येकापुढे लिहितो: कशाचा, किती घासलेला, किती जुना.

ही यादी करायला संग्रहालयासारखी जागा नाही. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शस्त्रांचे दालन आहे आणि तिथे अकबराचे १५८१ सालचे पोलादी चिलखतही आहे. तिथे गेल्यावर शस्त्राच्या आकारापेक्षा पृष्ठभाग बघा. जुने पोलाद आरशासारखे लखलखत नाही. त्याला काळसर, किंचित तपकिरी झाक असते. ठिकठिकाणी गंज काढल्याचे बारीक खड्डे असतात. मात्र तुमचा स्वार ते शस्त्र नवे असताना वापरतो आहे, हेही ध्यानात असू द्या. संग्रहालयातले तीनशे वर्षांचे म्हातारपण त्याच्या हातात द्यायचे कारण नाही.

दोन-तीन गोष्टी हमखास चुकतात, त्या इथेच सांगतो. मराठ्यांच्या ढाली पुष्कळदा गेंड्याच्या किंवा म्हशीच्या कातड्याच्या असत आणि वर रोगण दिलेले असे. ती ढाल चंदेरी रंगवू नका. ती काळी किंवा गडद तपकिरी आणि तुळतुळीत हवी. धातू फक्त तिच्यावरच्या चार-सहा फुलांपुरता. दुसरे, ‘फिरंग’ म्हणून जी सरळ तलवार ओळखली जाते तिचे पाते बहुधा युरोपातून आलेले असे. ते स्वच्छ, थंड, निळसर राखाडीत रंगवले तर शोभते. आपल्याकडच्या घडीव पोलादाच्या, जौहर म्हणजे लाटांची नक्षी उमटलेल्या पात्याला जरा उबदार, काळपट राखाडी द्या. जौहराच्या लाटा ५४ मिलिमीटरच्या मूर्तीवर काढत बसू नका. प्रत्यक्षातही तीन पावलांवरून त्या दिसत नाहीत, दिसतो तो पात्याचा सावळा रंग. तिसरे, दांडपट्टा. त्याची कोपरापर्यंत येणारी हातखोळ म्हणजे निमुळती नळी आहे आणि पाते सपाट पट्टी. दोन आकार, दोन प्रकारचा उजेड. तो कसा, ते पुढे येईल.

खरा धातुरंग की नुसता आभास?

धातू रंगवायच्या दोन वाटा आहेत. एका वाटेवर रंगात ॲल्युमिनियमची किंवा अभ्रकाची बारीक पूड असते आणि ती खरोखर चमकते. दुसऱ्या वाटेवर साध्या काळ्या, राखाडी, निळ्या, पांढऱ्या रंगांतून चमकेचा आभास उभा करतात. हौशी मंडळी तिला ‘एनएमएम’ म्हणतात.

हा वाद मिनिएचरवाल्यांनी काढलेला नाही. इटलीतल्या लिऑन बात्तिस्ता अल्बर्टीने १४३५ साली चित्रकलेवर ग्रंथ लिहिला, त्यात तो चित्रकारांना सांगतो की सोन्याचा वर्ख चिकटवण्यापेक्षा साध्या रंगांतून सोन्याचे तेज दाखवणाऱ्याचे कौतुक अधिक. बर्लिनमध्ये ‘सोनेरी शिरस्त्राण घातलेला माणूस’ नावाचे चित्र आहे. ते एके काळी रेम्ब्राँटचे मानले जाई, आता तसे मानत नाहीत. त्या शिरस्त्राणाच्या भडक सोन्यासाठी पिवळा, तपकिरी आणि पांढरा रंग जाड थापलेला आहे, आणि भोवती मिट्ट काळोख.

अल्बर्टीबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो: हातात घेऊन फिरवून बघायच्या मूर्तीसाठी मला खरा धातुरंग आवडतो. चित्र एकाच बाजूने बघतात. मूर्ती फिरवली की आभासातला उजेड जागेवर चिकटून राहतो आणि भ्रम फुटतो. पण अल्बर्टीची अक्कल धातुरंगातही वापरता येते, आणि तिथेच खरी मजा आहे. धातुरंगाची अडचण अशी की तो सावलीतही चमकतो. काखेतल्या कडीवर, ढालीच्या मागे, पात्याच्या खालच्या अंगावर, जिथे अंधार हवा तिथेही पूड लुकलुकते. म्हणून सावलीच्या जागी चमक मारायची. तिथे गडद मॅट रंग पातळ करून थरांवर थर द्यायचा, म्हणजे रंगही गडद होतो आणि चकाकीही मरते. उजेडाच्या जागी धातू उघडा ठेवायचा. सावली मॅट, उजेड चकचकीत. एवढे जमले तर निम्मी लढाई जिंकली.

सामान आणि पावसाळा

परदेशी रंगांत व्हॅलेहोची ‘मेटल कलर’ मालिका बारीक पुडीची आहे आणि हाताने लावायलाही चांगली. सिटाडेलचा ‘लेडबेल्चर’ गडद पोलादासाठी सर्वांच्या ओळखीचा. आपल्या स्टेशनरीच्या दुकानातले कापडावर लावायचे चंदेरी-सोनेरी रंग स्वस्त आणि चटकन मिळणारे, पण त्यांतली पूड भरड असते. तीन-चार इंची मातीच्या मावळ्यावर ते चालून जातात. ५४ मिलिमीटरवर तीच पूड वाळूचे कण चिकटल्यासारखी दिसते. ५४ मिलिमीटर म्हणजे माणसाच्या सुमारे एकबत्तीसांश. पुडीचा अर्धा मिलिमीटरचा कणही तिथे दीड सेंटिमीटरचा होतो. बाटली घेताना एक थेंब नखावर ओढून बघा. कण सुटे दिसले तर परत ठेवा.

पूड तळाशी बसते, म्हणून बाटलीत स्टेनलेस स्टीलच्या दोन छोट्या गोळ्या टाका आणि मनापासून हलवा. साध्या लोखंडी गोळ्या नकोत, पाण्याच्या रंगात त्या गंजतात. धातुरंगाला ब्रश वेगळा आणि पाण्याचा पेला वेगळा ठेवा. एकाच पेल्यात सगळे धुतले की त्याच संध्याकाळी चेहऱ्याच्या गालावर चांदणे चमकते. ओल्या पॅलेटवरही धातुरंग काढू नका, तिथे पाणी आणि पूड फारकत घेतात. साधी चिनीमातीची बशी उत्तम.

मूर्ती आधी कोमट साबणाच्या पाण्याने धुवा, साच्याचे तेल निघते. साच्याची शीव घासून काढा. कापडावर एक वेळ खपेल, पात्यावर ती शीव उजेडात आडवी येते. रेझिन ओले करून घासा आणि मास्क लावा, ती भुकटी फुप्फुसांत जायला नको. जुन्या मिश्रधातूच्या मूर्तींत शिसे असते, हात धुतल्याशिवाय चहाच्या कपाला शिवू नका, आणि ब्रशचे टोक तोंडात घालून सरळ करायची सवय असेल तर आजच सोडा. मातीची किंवा प्लास्टरची मूर्ती असेल, तर एक भाग फेविकॉल आणि तीन-चार भाग पाणी असा पातळ हात आधी द्या. नाहीतर ती रंग पीत राहते आणि धातूचा थर कधीच सारखा बसत नाही.

अस्तर काळे. पात्याला, शिरस्त्राणाला, म्हणजे जे घासून लखलखीत केलेले असते त्याला, चकचकीत काळे. अल्क्लॅडसारखे लॅकर वापरणार असाल, तर त्याच्या झळाळीला हे चकचकीत काळे अस्तर हवेच. चिलखताला मॅट काळे. सोन्या-पितळेला तांबूस तपकिरी.

आणि पावसाळ्यात स्प्रेचा डबा हातात घेऊ नका. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की वार्निश धुरकट पांढरे पडू शकते, आणि ते पांढरेपण काढताना केलेल्या कामाची वाट लागते. त्या महिन्यांत ब्रशने लावायचे अस्तर आणि वार्निश वापरा. फारच अडले तर उघडीप पडलेल्या दिवशी दुपारी.

पाते

आता कामाला लागू. टेबलावरचा दिवा एका जागी ठरवा, मूर्तीच्या डोक्यावर किंचित डावीकडे म्हणा, आणि शेवटपर्यंत हलवू नका. अस्तर लावलेल्या मूर्तीचा त्या उजेडात मोबाइलवर फोटो काढा. चकचकीत काळ्यावर उजेड कुठे पडतो ते त्यात स्वच्छ दिसते. तो फोटो तुमचा नकाशा.

पात्यावर गडद पोलादी रंगाचे दोन पातळ हात द्या. एक जाड हात देऊ नका, ब्रशच्या रेघा पात्यावर कायमच्या राहतील. ब्रश नेहमी पात्याच्या लांबीत ओढा. वाळल्यावर ठरवा, उजेड कुठे तुटणार. वक्र तलवारीचे पाते बऱ्यापैकी सपाट असते, पण वळत जाते. म्हणून उजेड एका जागी, वळणाच्या पोटाजवळ, एकवटतो आणि दोन्हीकडे ओसरतो. तिथे फिकट चंदेरी. मुठीकडे आणि टोकाच्या जरा अलीकडे गडद. गडद करायला काळ्यात थोडा निळा आणि थोडा तपकिरी घालून दुधापेक्षा पातळ करा आणि थर चढवत जा. पहिला थर दिसतही नाही, चौथ्या-पाचव्याला सावली धरते. उजेड आणि अंधार जिथे भेटतात ती सीमा एका ठिकाणी तरी तीक्ष्ण असू द्या. सगळीकडे मऊ ठेवलीत तर पाते राखाडी कापडासारखे दिसेल.

पात्याच्या दुसऱ्या अंगाला उजेडाची जागा उलटी करा: इथे जिथे फिकट, तिथे पलीकडे गडद. पट्ट्याच्या किंवा फिरंगेच्या सरळ पात्याला मध्ये पन्हळ असते. पन्हळीची दिव्याकडची भिंत अंधारी आणि दिव्यापलीकडची उजळ, कारण ती खोलगट आहे. बऱ्याच जणांची ही उलटी पडते आणि पन्हळीऐवजी फुगीर कणा दिसतो.

शेवटी धार. साच्यात ओतलेले पाते प्रमाणाच्या हिशेबाने फारच जाड असते. ही जाडी लपवायची एकच युक्ती आहे: धारेवर सर्वांत फिकट चंदेरीची केसाएवढी रेघ. ब्रशचे टोक धारेवर उभे नका धरू, आडवे धरा आणि कडेवरून सरकवा. रेघ अखंड नको, जिथे पाते अंधारात आहे तिथे तिला सोडून द्या.

हेच तत्त्व इतर आकारांना. नळीवर, म्हणजे दांडपट्ट्याच्या हातखोळीवर किंवा बंदुकीच्या नळीवर, उजेड लांबीत जाणारी अरुंद पट्टी असतो आणि तिच्या दोन्ही अंगांना काळोख. खालच्या कडेला जमिनीचा मातकट उजेड परत आलेला दाखवा. अर्धगोलावर, म्हणजे ढालीच्या फुलावर, एक बारीक ठिपका आणि समोरच्या कडेला मंद चंद्रकोर. शिरस्त्राण वर निमुळते होत जाते, म्हणून उजेडही टोकाकडे अरुंद होणारा त्रिकोण होतो.

चिलखत

कडीचे चिलखत रंगवायला सोपे वाटते, कारण कोरडा ब्रश घासला की कड्या आपोआप उठून येतात. म्हणूनच ते जवळजवळ नेहमी जास्त चमकते. विचार करा: खऱ्या कडीचा व्यास आठ-दहा मिलिमीटर धरला तर एकबत्तीसांश मूर्तीवर ती मिलिमीटरच्या पाव भागाएवढी होईल. एवढे कोरणे कठीण, म्हणून शिल्पकार कड्या मोठ्या करतो. खरे चिलखत दुरून बघितले तर कड्यांपेक्षा कड्यांमधला अंधार अधिक दिसतो आणि सगळ्याचा मिळून काळपट, जरासा तेलकट राखाडी होतो.

मॅट काळ्यावर गडद पोलादी रंग कोरड्या ब्रशने, वरून खाली, हलक्या हाताने. मग काळा-तपकिरी वॉश, आणि तो वाळेपर्यंत लांब बसा. त्यानंतर फिकट चंदेरी, पण फक्त खांद्यांवर, छातीच्या वरच्या भागावर आणि पोटाच्या फुगवट्यावर. काखा, पट्ट्याखालचा भाग, अंगरख्याच्या सावलीतला भाग यांना हातही लावू नका. छातीवर, पाठीवर आणि दोन्ही बगलांना चार आयन्याच्या पोलादी पाट्या असतील तर बहारच: कड्या मंद ठेवायच्या आणि पाट्या पात्यासारख्या घासलेल्या. शेजारी मंद काही असल्याशिवाय चकचकीत काही दिसत नाही.

प्रतापगडचा प्रसंग करणाऱ्यांसाठी एक विनंती. अफझलखानाशी झालेल्या १० नोव्हेंबर १६५९ च्या त्या भेटीत शिवाजी महाराजांचे चिलखत अंगरख्याखाली होते. खानाला ते दिसू नये हाच तर त्याचा उपयोग. तरीही कित्येक मूर्तींत ते छातीवर झगमगते. अंगरखा पूर्ण पांढरा ठेवा आणि गळ्याशी किंवा मनगटाशी दोन-चार कड्या गडद पोलादीत डोकावू द्या. बघणाऱ्याला कळायला तेवढे पुरते, आणि कड्या रंगवण्याचे कष्टही वाचतात.

सोने, पितळ, तोफा

सोन्याच्या बाटलीत बहुधा पिवळ्याचा अतिरेक असतो. अस्तराच्या तांबूस तपकिरीवर सोनेरीचे दोन हात द्या, सावलीला तांबूस तपकिरीच पातळ करून वापरा, उजेडाला सोनेरीत थोडी चंदेरी मिसळा. काळ्याने सावली दिली की सोने मळके होते. पितळाला सावली जरा हिरवट तपकिरी. सोने कधी हिरवे पडत नाही, पितळ-तांबे पडतात. म्हणून मुठीवरच्या सोन्याच्या खाचांत हिरवा कळंक भरू नका. पितळी फुलाच्या बुडाशी तो थोडा शोभतो. चांदी काळवंडते, आधी पिवळसर आणि मग तपकिरी-काळी.

कोफ्तगरीत पोलादाचा पृष्ठभाग बारीक खरडून त्यात सोन्याची तार ठोकून बसवतात. मूर्तीवर ती नक्षी पूर्ण काढायला गेलात की मूठ भरजरी शालू होते. मूठ आधी गडद पोलादी करा. तिच्यावर गेरू-पिवळ्याची तुटक वेल काढा. मग वेलीवर उजेडाच्या बाजूलाच सोनेरीचे चार-सहा ठिपके ठेवा. डोळा उरलेली वेल स्वतःच पुरी करतो.

तोफ बनवत असाल तर ती कशाची, ते आधी ठरवा. घडीव लोखंडाची तोफ काळी-तपकिरी असते आणि तिच्यावर कडे बसवलेल्या पट्ट्या दिसतात. ओतीव कांस्याची वेगळी. विजापूरच्या बुरुजावरची मलिक-ए-मैदान १५४९ साली अहमदनगरात ओतलेली, कांस्याची; अशा तोफेला गडद तपकिरी कांस्य, खाचांत हिरवट कळंक, आणि जिथे गोलंदाजांचे हात लागतात तिथे घासून उजळलेला पिवळा धातू. हात लागण्याच्या जागा म्हणजे कान, कडी आणि तोंडाची कड.

बंदुकीच्या नळीला, रिकिबींना, घोड्याच्या नालांना एक स्वस्त आणि फार चांगला उपाय आहे. मॅट काळ्यावर ६बी किंवा ८बी पेन्सिलीची पूड बोटाने किंवा कापसाच्या काडीने घासा. ग्रॅफाइटची चमक थंड, गडद आणि रंगातल्या पुडीसारखी दाणेदार नसलेली असते. तोड्याच्या बंदुकीच्या नळीला याहून बरे काही मी वापरलेले नाही. कान आणि चाप असलेल्या भागाभोवती थोडा काजळीचा काळा द्या. वार्निशखाली ग्रॅफाइट मंदावते, म्हणून ते सर्वांत शेवटी. आणि मग नळीला बोट लावायचे नाही.

आभासाच्या वाटेने जायचे असेल तर तिचे गणित थोडक्यात सांगतो, कारण तिच्यावर स्वतंत्र लेख व्हायला हवा. जवळजवळ काळ्यापासून शुद्ध पांढऱ्यापर्यंत पाच छटा बशीत आधीच मिसळून ठेवा. वरच्या बाजूला वळणाऱ्या पृष्ठभागांत आकाशाचा फिकट निळा, मधोमध क्षितिजाची गडद रेघ, खाली जमिनीचा तपकिरी. पांढरा सर्वांत थोडा आणि क्षितिजाच्या गडद रेघेला चिकटून. सुरुवात ढालीच्या एका फुलापासून करा. पूर्ण शिरस्त्राण अंगावर घेतलेत तर कंटाळून सोडून द्याल.

गंज किती?

मिनिएचरच्या दुनियेत गंजाचा फार सोस आहे. प्रत्येक तलवार नारिंगी डागांनी बरबटलेली. ज्याचे पोट शस्त्रावर चालते तो ते गंजू देत नाही. शस्त्रांना तेल लावत, आणि धार आणि झळाळी देणे हा शिकलगारांचा पिढीजात धंदा होता. पात्याला गंज द्यायचाच असेल तर मुठीला जिथे पाते मिळते त्या खाचेत, तेलरंगातला बर्न्ट अंबर मिनरल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून एक टिपका. आधी त्या भागावर चकचकीत वार्निश असू द्या, म्हणजे रंग खाचेत धावतो आणि बाहेरचा टर्पेंटाइन लावलेल्या ब्रशने पुसता येतो. तेलरंगाला वाळायला रात्रभर तरी द्या. पावसाळ्यात त्याहून अधिक. खोलीची खिडकी उघडी ठेवा.

मूर्तीचा काळ कोणता, यावर हे ठरवणे मला आवडते. पावसाळा संपला, खंडेनवमीला शस्त्रे पुजली आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून स्वार मोहिमेवर निघाला, असा क्षण असेल तर पाती नुकतीच घासलेली, मुठीवरचे सोने स्वच्छ, लगामाची कडी चमकती. तोच स्वार वैशाखात परत येत असेल तर पाते म्यानातून काढल्याघातल्याने बारीक ओरखड्यांचे, रिकिबींवर धुळीचा थर, चिलखताच्या खालच्या कडेला माती, आणि ढालीच्या फुलांवर मार लागलेल्या जागी कोरे उजळ पितळ. ओरखडे पात्याच्या लांबीत काढा, कारण म्यान त्या दिशेनेच घासते. एकाच चौकात दोघांनाही उभे करायचे असेल तर आधी गोष्ट ठरवा, मग मूर्ती.

रक्ताबद्दल विचारतात. एक टिपकाही धातूची सगळी मेहनत खाऊन टाकतो, डोळा तिथेच जातो. मी टाळतो.

वार्निश

सगळे झाल्यावर उत्साहाने मूर्तीवर मॅट वार्निशचा फवारा मारणारे धातूचा जीव घेतात. मॅट वार्निश उजेड विखुरते आणि तुम्ही जपलेली चकाकी राखेखाली जाते. क्रम उलटा करा: कापड, चामडे, चेहरा रंगवून त्यांना मॅट वार्निश द्या, आणि मगच धातूचे शेवटचे उजेड घाला. नाहीतर आधी सगळ्यावर मॅट आणि नंतर ब्रशने फक्त पाती, शिरस्त्राण, चार आयना यांच्यावर सॅटिन वार्निशचा हात. सॅटिन घासलेल्या पोलादाला पुरते. आरशासारख्या पात्याच्या उजेडाच्या भागावर ग्लॉसचा ठिपका चालतो, सावलीच्या भागाला मात्र मॅट राहू द्या. रोगण दिलेल्या कातडी ढालीला ग्लॉस, म्हणजे ती काळी असूनही शेजारच्या पोलादाशी बोलते.

मूर्ती लाकडी बैठकीवर स्क्रूने बसवा आणि यापुढे बैठकीलाच धरा; बोटांच्या घामाने धातुरंग काळवंडतो. काचेच्या कपाटात ठेवाल तिथे सिलिका जेलची पुडी टाका आणि दिवा त्याच डाव्या अंगाने लावा, ज्या अंगाने तुम्ही उजेड रंगवला आहे. कपाटातला दिवा खालून लावलेला असेल तर तो आधी काढा.